अपवाद, अनिवारित : आज्ञावलीच्या प्रवेशबिंदूवरील हाताळणी

संगणकाची आज्ञावली चालू असताना एखादा दोष उद्‌भवला आणि आज्ञावलीच्या कोणत्याही भागाने त्याची दखल घेतली नाही, तर त्या दोषास अनिवारित अपवाद असे म्हणतात. असा अपवाद उद्‌भवस्थानापासून वर चढत जातो व आज्ञावलीचा आरंभ जेथून होतो त्या ठिकाणी, म्हणजे प्रवेशबिंदूपाशी, येऊन ठेपतो. सी, जावा, गो, रस्ट इ. भाषांत ‘मेन’ नावाचे फंक्शन हा प्रवेशबिंदू होय. तेथपर्यंत आलेल्या दोषाची नोंद कशी करावयाची, वापरणाऱ्यास काय सांगावयाचे आणि आज्ञावली कोणत्या स्थितीत थांबवावयाची, या तीन प्रश्नांची सोडवणूक म्हणजे त्याची अंतिम हाताळणी होय. आज्ञावलीच्या एकूण लांबीत या भागाच्या वाट्याला जेमतेम दहावीस ओळी येतात. तथापि एखादी यंत्रणा बिघडल्यावर तिचा बिघाड तासाभरात उमगणार की महिन्याने, हे पुष्कळदा याच ओळींवर ठरते.

दोषाचा प्रवास : आज्ञावलीतील फंक्शने एकमेकांस कामे सांगतात आणि त्यांची मडक्यांसारखी उतरंड रचली जाते. पिंपरीतील एखाद्या कारखान्याच्या पगारपत्रकाची आज्ञावली उदाहरणादाखल घेता येईल. तळाशी ‘मेन’, त्याने सांगितलेले ‘महिन्याचे पगारपत्रक तयार करा’ हे त्यावर, त्याने सांगितलेले ‘एका कामगाराची कपात काढा’ हे आणखी वर, आणि सर्वांत वर ‘हजेरीची फाईल वाचा’. फाईल जागेवर नसेल, तर वाचणारे फंक्शन अपवाद उत्पन्न करते. ज्या फंक्शनाने काम सांगितले त्याने तो अपवाद पकडण्याची तजवीज केली नसेल, तर ते फंक्शनही मोडीत निघते आणि अपवाद त्याच्या खालच्याकडे जातो. अशा रीतीने उतरंड वरून खाली मोकळी होत जाते. संगणकाच्या परिभाषेत मात्र या प्रवासाला वर चढणे असे म्हणण्याचा प्रघात आहे, कारण अपवाद काम सांगणाऱ्याकडे, म्हणजे अधिकाराने वरच्याकडे, जात असतो. प्रस्तुत नोंदीतही तोच प्रघात पाळला आहे.

या प्रवासात दोषाविषयीच्या ज्ञानाचे स्वरूप बदलत जाते. फाईल वाचणाऱ्याला काय घडले ते नेमके ठाऊक असते, पण ती फाईल कशासाठी हवी होती याची त्याला कल्पना नसते. कपात काढणाऱ्याला काही उपाय करता येणे शक्य असते. तो त्या कामगाराचे नाव बाजूस ठेवून पुढे जाऊ शकतो. ‘मेन’ला संपूर्ण कामाचा हेतू माहीत असतो, परंतु दोष तेथे पोहोचेपर्यंत मधली सर्व उतरंड मोडलेली असते आणि अर्धवट राहिलेले काम पूर्ण करण्याचे साधन हाती उरलेले नसते. म्हणून प्रवेशबिंदूपाशी दुरुस्तीचा प्रयत्न करणे बहुधा निष्फळ ठरते. तेथे एवढेच करता येते, की जे घडले ते लपू द्यावयाचे नाही.

इतिहास : आरंभीच्या भाषांत दोष कळविण्याचा मार्ग म्हणजे फंक्शनाने परत दिलेला एखादा अंक. सी भाषेत हीच पद्धत आजही आहे. तिच्यातील उणीव अशी, की तो अंक तपासण्याचे बंधन कोणावरही नसते. तपासणी राहून गेली, तर आज्ञावली चुकीच्या सामग्रीवर तशीच पुढे चालू राहते. १९६४ मध्ये पुढे आलेल्या पीएल/वन या भाषेत विशिष्ट प्रसंग घडल्यास काय करावयाचे ते आधी सांगून ठेवण्याची सोय होती. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये अपवादांच्या हाताळणीची पद्धतशीर मांडणी केली. बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या क्लू या भाषेत न हाताळलेल्या अपवादाचे रूपांतर आपोआप ‘फेल्युअर’ नावाच्या सर्वसाधारण अपवादात होई. १९८३ च्या एडा भाषेच्या मानकात आणि पुढे सी प्लस प्लस, जावा, पायथॉन इ. भाषांत ही कल्पना रूढ झाली. या स्थित्यंतराचा गाभा असा की, पूर्वी दुर्लक्षिलेला दोष मूकपणे पुढे सरकत असे. अपवादाच्या पद्धतीत दुर्लक्षिलेला दोष आज्ञावलीस थांबवितो. अनेक नवशिके या थांबण्यालाच दोष समजतात आणि ते टाळण्याच्या खटपटीत या पद्धतीचा मुख्य लाभ गमावून बसतात.

निरनिराळ्या भाषांतील मूळ व्यवस्था : आज्ञावलीकाराने काहीच तजवीज केली नाही, तर प्रत्येक भाषा आपल्या परीने अंतिम हाताळणी करते. पायथॉनमध्ये उतरंडीचा संपूर्ण आलेख दोष-प्रवाहावर छापला जातो व आज्ञावली १ या अंकासह संपते. सी प्लस प्लसमध्ये ‘टर्मिनेट’ हे फंक्शन बोलाविले जाते व ते आज्ञावली तडकाफडकी बंद करते. त्यापूर्वी उतरंड नीट मोकळी केली जाईल याची हमी ही भाषा देत नाही, त्यामुळे उघड्या फाईली बंद करणे यांसारखी आवराआवर राहून जाऊ शकते. रस्टमध्ये मुख्य धाग्यावरील अशा आकस्मिक बिघाडानंतरचा अंक १०१ असतो, तर गोमध्ये २.

एकाच आज्ञावलीत अनेक धागे समांतर चालत असतात तेव्हा प्रश्न बिकट होतो. ‘मेन’भोवती घातलेले कुंपण केवळ मुख्य धाग्यापुरते असते, दुसऱ्या धाग्यातील अपवाद त्या कुंपणापर्यंत येतच नाही. जावामध्ये मुख्य धागा अपवादाने मेला, तरी इतर धागे जिवंत असतील तर आज्ञावली चालूच राहते. बाहेरून पाहणाऱ्यास ती धडधाकट दिसते. प्रत्यक्षात तिचे मुख्य काम केव्हाच थांबलेले असते. २००४ च्या आवृत्तीपासून जावात प्रत्येक धाग्यासाठी अंतिम हाताळणारा नेमण्याची सोय झाली. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या मंचाच्या पहिल्या आवृत्त्यांत दुय्यम धाग्यांतील अपवाद गिळले जात. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे धोरण बदलून संपूर्ण आज्ञावली थांबविण्याचे ठरले. नोड जेएसमध्येही लांबणीवर टाकलेल्या कामातील न हाताळलेला दोष २०२० पर्यंत केवळ इशारा देऊन सोडून दिला जाई. त्या वर्षीच्या पंधराव्या आवृत्तीपासून तो आज्ञावली बंद पाडतो. वेगवेगळ्या मंचांच्या रचनाकारांनी अनुभवाअंती एकच दिशा धरली, ही बाब बोलकी आहे.

संदेश आणि अंक : प्रवेशबिंदूवरील हाताळणीची दोन गिऱ्हाइके असतात. एक माणूस, दुसरे यंत्र. माणसासाठी संदेश लिहावयाचा. तो वापरणाऱ्याला कळेल असा असावा : कोणती फाईल, कोणत्या ठिकाणी, काय करावे. उतरंडीचा आलेख दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा असल्याने तो नोंदवहीत जावा. तो वापरणाऱ्याच्या पडद्यावर उघडा टाकणे गैरसोयीचे तर असतेच, शिवाय धोक्याचेही, कारण त्यातून यंत्रणेची अंतर्रचना परक्याला कळते. नोंदवहीतही कामगाराचा आधार क्रमांक किंवा बँक खाते उतरता कामा नये. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाल्यापासून हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही.

यंत्रासाठी समाप्ती-अंक असतो. युनिक्स व तिच्या वंशातील प्रणालींत शून्य म्हणजे यश व इतर कोणताही अंक म्हणजे अपयश असा संकेत आहे. रात्री ओळीने चालणाऱ्या कामांची साखळी याच अंकावर विसंबून असते. हजेरी गोळा करणारी आज्ञावली अपयशी झाली आणि तरीही तिने शून्य कळविले, तर पगाराची आज्ञावली अर्धवट हजेरीवर चालते, तिच्यामागून बँकेकडे जाणारी यादी तयार होते आणि चूक पगाराच्या दिवशी कामगाराच्या हातात पडते. ‘दोष पकडा, नोंदवहीत लिहा आणि पुढे चला’ अशा तीन ओळी प्रवेशबिंदूपाशी लिहिणारा आज्ञावलीकार नकळत हेच करीत असतो, कारण पकडलेल्या अपवादानंतर ‘मेन’ सुखरूप संपते व शून्यच कळविला जातो.

हा अंकही वाटतो तितका साधा नाही. युनिक्समध्ये त्याचे केवळ शेवटचे आठ बिट पालकाकडे पोहोचतात. एखाद्याने आढळलेल्या दोषांची संख्याच समाप्ती-अंक म्हणून परत दिली, तर २५५ दोषांपर्यंत सारे ठीक चालते आणि नेमके २५६ दोष झाले की तो अंक शून्य होऊन पूर्ण यश कळविले जाते. त्याचप्रमाणे एका आज्ञावलीचे फलित नळीतून दुसरीकडे दिले असता शेल सामान्यतः शेवटच्या आज्ञावलीचाच अंक ग्राह्य धरते. पहिलीचे अपयश दडून राहते. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यास ते उघड होते.

पकडावयाचे ते किती, हाही विवेकाचा प्रश्न आहे. पायथॉनमध्ये वापरणाऱ्याने कळफलकावरून दिलेली थांबण्याची आज्ञा हीदेखील अपवादाच्याच रूपाने येते. प्रकार न सांगता सरसकट सर्व काही पकडणारे कलम ती आज्ञासुद्धा गिळून टाकते आणि आज्ञावली काही केल्या थांबेनाशी होते. म्हणूनच त्या भाषेत असे संकेत नेहमीच्या दोषांच्या कुळाबाहेर ठेवलेले आहेत.

एरियान-५ ची दुर्घटना : अंतिम हाताळणीचे धोरण किती दूरवर परिणाम करू शकते, याचे अभिजात उदाहरण अंतराळविद्येतील आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेले यूरोपीय एरियान-५ जातीचे पहिले रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत मार्गभ्रष्ट होऊन फुटले. त्यासोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले. झाक ल्वी लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने आपला अहवाल १९ जुलै १९९६ रोजी दिला. रॉकेटची दिशा व वेग मोजणाऱ्या संगणकात ६४ बिटी दशांश संख्येचे १६ बिटी पूर्णांकात रूपांतर होत असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पर्यंतच मूल्य मावते. एरियान-४ च्या मार्गावर ती मर्यादा ओलांडली जात नव्हती. एरियान-५ चा आडवा वेग अधिक असल्याने ती ओलांडली गेली आणि अपवाद उद्‌भवला. या जातीच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, संगणकावरील भार मर्यादेत ठेवण्यासाठी तीन उघड्या ठेवल्या होत्या. त्यांपैकीच ही एक. विशेष खेदाची गोष्ट म्हणजे ज्या गणितात हा दोष घडला त्याचा एरियान-५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

येथपर्यंतची हकिकत सर्वत्र सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. कोणताही अपवाद आला की नोंद करावी आणि प्रक्रियक बंद करावा, असे त्या संगणकाचे अंतिम धोरण होते. यंत्रभागातील आकस्मिक बिघाडासाठी ते रास्त होते : एक संगणक बिघडला तर राखीव संगणक काम उचलतो. पण आज्ञावलीतला दोष दोन्ही संगणकांत तोच असतो. राखीव संगणक आधीच बंद पडला होता आणि त्यामागोमाग क्षणार्धात मुख्यही बंद पडला. बंद पडताना त्याने निदानाची माहिती पाठविली, ती ज्या वाहिनीवरून उड्डाणाची माहिती जात असे त्याच वाहिनीवरून. मुख्य संगणकाने ते आकडे खरे समजून नळकांडी वळविली. दोषाची वार्ता आणि कामाचे फलित यांचे मार्ग वेगळे असले पाहिजेत, हा युनिक्समधील दोष-प्रवाहामागील साधा संकेत येथे पाळला गेला नव्हता.

हिंजवडी–चाकण पट्ट्यातील संदर्भ : पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस इ. कंपन्यांची मोठी केंद्रे तेथे असून वाहनांतील सॉफ्टवेअर हेच मुख्य क्षेत्र असलेल्या केपीआयटी या कंपनीचे मुख्यालयही तेथेच आहे. उत्तरेकडे पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे मोटारी व दुचाक्या तयार होतात. त्यामुळे या पट्ट्यात अंतिम हाताळणीचे दोन अगदी निराळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

पहिला प्रकार कचेरीतील आज्ञावल्यांचा. येथे लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या परदेशातील बँका व व्यापारी संस्थांसाठी चालतात. तेथील दिवस म्हणजे येथील रात्र. रात्रपाळीवरील अभियंत्याने ती आज्ञावली लिहिलेली नसते आणि ज्याने लिहिली तो घरी झोपलेला असतो. त्याच्या हाती असतो तो प्रवेशबिंदूपाशी लिहिलेला संदेश. ‘काहीतरी चुकले’ एवढाच मजकूर मिळाला, तर निदानाचे काम पहाटेपर्यंत लांबते. मूळ अपवाद, उतरंडीचा आलेख, कोणती नोंद हाताळली जात होती तिचा क्रमांक व वेळ मिळाली, तर पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

दुसरा प्रकार वाहनातील नियंत्रक संगणकाचा. इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या सूक्ष्म नियंत्रकात बहुधा ‘मेन’ कधी संपतच नाही. तिच्या वर प्रणाली नसते, पडदा नसतो, समाप्ती-अंक कळवावा असे कोणी नसते. म्हणून तेथे ‘वॉचडॉग’ म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र गणक बसवितात. आज्ञावलीने ठरलेल्या मुदतीत त्याला हजेरी दिली नाही, तर तो नियंत्रकास पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुनरारंभ का झाला हे विशिष्ट नोंदकोशात लिहिलेले राहते. ‘मेन’ने आरंभीच ते वाचून, प्रसंगी मर्यादित शक्तीवर गाडी चालू ठेवण्याची अवस्था स्वीकारावी, दोषसंकेत टिकाऊ स्मृतीत लिहावा आणि चालकापुढील दिवा लावावा, अशी रचना असते. गॅरेजमधील मेकॅनिक निदान-यंत्र जोडून तोच संकेत वाचतो. वॉचडॉगला हजेरी देण्याचे काम घड्याळाच्या नियमित व्यत्ययाकडे सोपविणे ही मात्र या क्षेत्रातील जुनी खोड होय. त्यामुळे मुख्य आज्ञावली अडकून पडली तरी हजेरी लागतच राहते. कचेरीतील आज्ञावलीने अपयशानंतर शून्य कळविण्यासारखाच हा प्रकार आहे.

वाहनांच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेसाठीचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१८ मध्ये सुधारले गेले. दोष आढळल्यावर यंत्रणेने ठराविक वेळेत सुरक्षित अवस्थेत जावे, अशी त्याची अपेक्षा आहे. दोष मुळात चालण्यापूर्वीच हुडकण्याचेही प्रयत्न होतात. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात नियंत्रकांच्या आज्ञावल्या न चालविता तपासून शून्याने भागाकार, सारणीच्या मर्यादेबाहेरील वाचन यांसारखे दोष शोधणारे साधन विकसित झाले. परंतु अशी साधने अंतिम हाताळणीची गरज नाहीशी करीत नाहीत.

देवनागरीचा प्रश्न : मराठी सामग्री हाताळणाऱ्या आज्ञावल्यांत एक खास अडचण येते. कामगाराचे नाव देवनागरीत असते आणि फलित जेथे छापावयाचे ती खिडकी किंवा फाईल जुन्या, केवळ रोमन लिपीच्या संकेतप्रणालीवर बसविलेली असते. नाव छापताच अपवाद उद्‌भवतो. तो प्रवेशबिंदूपाशी पकडला जातो आणि हाताळणारा तेच नाव संदेशात घालून नोंदवहीत लिहावयास जातो. नोंदवहीची फाईलही त्याच जुन्या संकेतप्रणालीत उघडलेली असल्याने दुसरा अपवाद उद्‌भवतो, व पहिल्याचे मूळ कारण शोधणे अवघड होऊन बसते. पायथॉनच्या रचनाकारांनी हे ओळखून दोष-प्रवाहावर न छापता येणाऱ्या अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक छापण्याची व्यवस्था केली आहे. संदेश कुरूप दिसतो, पण हरवत नाही. अंतिम हाताळणारा भाग शक्य तितका साधा असावा, त्याने नवी स्मृती, जाळे किंवा विदागार यांवर कमीत कमी विसंबावे, या नियमाचे कारण अशा अनुभवांत आहे.

पुनरारंभ : स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनी केंद्रांसाठी घडविलेल्या एर्लांग भाषेत एक वेगळा विचार आढळतो. प्रत्येक लहान प्रक्रियेने दोष येताच खुशाल मरावे, तिच्यावर देखरेख करणाऱ्या प्रक्रियेने तिला नव्याने सुरू करावे. क्षणिक दोषांवर हा उपाय नामी आहे. पण दोषाचे कारण येणाऱ्या सामग्रीतच असेल, तर नवी प्रक्रियाही तीच सामग्री वाचून तशीच मरते. त्यामुळे दोन पुनरारंभांतील अंतर वाढवीत जाणे व ठराविक संख्येनंतर थांबून माणसाला हाक मारणे ही पद्धत रूढ आहे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी पाठविलेल्या सदोष फाईलमुळे जगभर विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ते सुमारे ८५ लाख होते. ती फाईल वाचणारा भाग प्रणालीच्या गाभ्यात चालत होता. तेथील चुकीच्या स्मृतिवाचनाला पकडणारे बाहेरचे कुंपण नसते. प्रणाली स्वतःच थांबते. संगणक पुन्हा सुरू होई, तीच फाईल वाचली जाई आणि तो पुन्हा कोसळे. भारतातही विमानतळांवर काही प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. असंख्य संगणकांजवळ माणसाने जाऊन, सुरक्षित अवस्थेत यंत्र चालू करून ती फाईल हाताने काढावी लागली.

चाचणी : अंतिम हाताळणी हा आज्ञावलीचा सर्वांत कमी तपासला जाणारा भाग राहतो, कारण सर्व काही सुरळीत असताना तो कधीच चालत नाही. त्याची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते : हजेरीची फाईल काढून घेणे, डिस्क भरून टाकणे, दुय्यम धाग्यात अपवाद उत्पन्न करणे, नावात देवनागरी जोडाक्षरे घालणे, आणि प्रत्येक वेळी संदेश कोठे गेला व कोणता समाप्ती-अंक मिळाला ते पाहणे. ही परीक्षा अर्ध्या दिवसात आटोपते.